शेजारच्या सीटचं वजन

माणसाने आयुष्यात निदान एक तरी गोष्ट तंतोतंत पातळीत आणून सोडावी, अशा उदात्त विचाराने निवृत्त सर्व्हेयर गाडीखालचा जॅक सैल करून ती खाली घेत होता. नोकरीत त्याने इतक्या रस्त्यांच्या पातळ्या काढल्या होत्या की तो विचार त्याला शोभतही होता. त्यातल्या बहुतेक रस्त्यांवर पाणी तुंबायचं, हा भाग वेगळा.

गाडी त्याच्या लग्नाआधीची. गेल्या वर्षी पुढच्या स्प्रिंगा बदलल्या आणि तिने नाक वर केलं ते केलंच. "आभाळात काहीतरी हरवलंय आणि आपण ते शोधायला निघालोय, असं वाटतं," बायको म्हणाली होती. "मी नाही बसणार हिच्यात." त्यानंतर ती पंधरा दिवसांसाठी म्हणून मुलीकडे गेली. त्याला आता आठ महिने होत आले. त्याचा गाडीशी संबंध असेलच असं नाही. पण दुरुस्त करता येण्यासारखी गोष्ट तेवढी एक गाडीच होती.

दोन्ही स्प्रिंगांचं एकेक वेटोळं त्याने कापलं होतं. आता गाडी चाकांवर टेकल्यावर त्याने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. दोन्ही बाजू सारख्या. खूश होऊन तो आत बसला, आणि गाडी त्याच्या बाजूला कलली. किती, ते कळेना. आत बसून बाहेरची उंची मोजता येत नाही, हे एकट्या माणसाला उशिराच सुचतं. खिडकीतून डोकं काढून त्याने टेप वाचायचा प्रयत्न केला. त्यात मान धरली. मग त्याने गॅरेजवाल्या मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीने त्याला आत बसवून बाहेरून मोजलं.

"अंगठाभर दबलीय तुमच्या बाजूला."

"मग दुसरी स्प्रिंग अजून थोडी कापू?"

"करवत ठेवा ती खाली, साहेब. कापलेलं परत वाढत नाही." मिस्त्रीने हात पुसले. "आणि रिकामी कशाला मोजलीत? नेहमी जेवढी माणसं बसतात तेवढी बसवून मोजायची. मग फरक राहिला तर मी स्प्रिंगखाली चकती घालतो. किती जण बसता?"

"दोघं."

मिस्त्रीने घराच्या बंद खिडक्यांकडे पाहिलं.

"वहिनी आल्या?"

"येईल."

"मग त्यांच्या वजनाची वाळू ठेवू. किती धरायचं?"

इतकी वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचं वजन त्याला माहीत नव्हतं. तो घराच्या पायरीवर जाऊन बसला आणि त्याने फोन लावला.

"अहो, बरे आहात ना?"

"बरा आहे. तुझं वजन किती?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"कशाला?"

"गाडीचं नाक खाली आणलंय. आता दोघांच्या हिशेबाने उंची बसवायचीय."

"तिकडचं सांगू की इकडचं? इकडे येऊन चार किलो वाढलंय."

म्हणजे तिला तिथलं मानवलं होतं. तो नखातलं ग्रीस काडीने काढत राहिला.

"तू म्हणशील ते धरतो."

ती आवाज खाली आणून म्हणाली, "अहो, तुम्ही एकट्याचंच धरा ना."

"बरं."

"आणि मान शेकून घ्या."

"मान कुठे मध्ये आली?"

"धरलीय ना? आवाजसुद्धा वाकडा येतोय."

तो परत आला तेव्हा मिस्त्री खिशातल्या चकत्या खुळखुळवत उभा होता.

"काय म्हणाल्या?"

"बासष्ट," सर्व्हेयर म्हणाला.

वाळू भरून, तोलून, पिशव्या शेजारच्या सीटवर ठेवल्या. सर्व्हेयरने त्यांना पट्टा लावला. "घसरतील म्हणून," तो म्हणाला. मिस्त्रीने विचारलं नव्हतं. तो आत बसल्यावर मिस्त्रीने गाडी पुढेमागे ढकलली, बॉनेटवर भार देऊन स्प्रिंगा बसू दिल्या, आणि पुन्हा टेप लावला.

"दोन्हीकडे सारखी. चकतीची गरजच नाही. तुमचं कापलेलं बरोबर होतं, साहेब." मग त्याने सीटकडे पाहिलं. "पण तोवर एकटेच फिरणार असाल तर कलती राहील. घालू एक? वहिनी आल्या की काढू."

"नको. असू दे अशीच."

"पिशव्या उतरवू?"

"राहू देत."

संध्याकाळी त्याने एक चक्कर मारली. नाक खाली, दोन्ही बाजू सारख्या. गाडी रस्त्याशी अगदी समांतर चालली होती. वळणावर पिशव्या जरा सरकल्या तेव्हा त्याने हात आडवा धरला, आणि वळण संपल्यावरही तो लगेच काढला नाही.

वाळू समोरच्या बांधकामावरून उसनी आणली होती. सोमवारी त्यांना ती प्लास्टरला लागणार होती.