वरीलप्रमाणे

“बघ गं पोरी, हलतोय का?”

काकांनी उजवा हात लांब केला होता आणि पालथ्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला होता. कागदाचं टोक थरथरत होतं.

“पंख्याचा वारा असेल.”

“पंखा बंद आहे.”

मी वर बघितलं. होताच बंद.

काका आमच्या प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. बावीस वर्षांपूर्वी मला पिपेट धरायला त्यांनीच शिकवलं. आमचं काम तसं धुणंभांड्यांतलंच. डीएनएचे कोट्यवधी बारीक तुकडे घ्यायचे, प्रत्येकाची घडी वेगळी. सांध्यांना सूज आणणाऱ्या एका प्रथिनावर ते ओतायचे. चिकटतील ते ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे. चिकटलेल्यांच्या प्रती काढायच्या, पुन्हा ओतायचे. अशा दहा फेऱ्या झाल्या की जो तुकडा प्रथिनाला सोडतच नाही, तो अ‍ॅप्टामर; पुढेमागे औषध व्हायच्या लायकीचा. आमचा सतरा नंबरचा तुकडा असा चिवट निघाला की प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, “पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला!”

पेटंटचा अर्ज करायचा ठरला. वकील म्हणाले, नुसत्या तुकड्यावर नको, तो निवडण्याच्या पद्धतीवरही हक्क मागू. पण मग वहीत लिहिलंय तसं करून तोच तुकडा पुन्हा मिळायला हवा. आठव्या फेरीचा माल फ्रीझरमध्ये जपलेला होता. काकांनी तिथून पुढच्या फेऱ्या तीनदा केल्या. तिन्ही वेळा सतरा नंबर यादीत कुठेतरी तळाशी.

“हातच गेला माझा,” काका म्हणाले. आणि मॅडमही फार गोड आवाजात म्हणाल्या, “काका, सोमवारपासून तुम्ही स्टोअर बघा. आरामाचं काम आहे.”

हात गेला नव्हता. वहीत माझ्या अक्षरात होतं: ‘नववी फेरी. धुणी: वरीलप्रमाणे.’ वरती आठव्या फेरीत होतं: तीनदा, प्रत्येकी पाच मिनिटं.

त्या दिवशी तिसऱ्या धुण्याची नळी हलवणाऱ्या यंत्रावर ठेवली आणि भावाचा फोन आला. आईला कुणी ठेवून घ्यायचं, हा विषय. “अरे, मला इथून पाच मिनिटं हलता येत नाही,” असं मी त्याला जिन्यात उभं राहून चाळीस मिनिटं सांगत होते. परत आले तर नळी आपली डुलतेच आहे. टाकून द्यायची, तर अख्खी फेरी पहिल्यापासून आणि वर मॅडमची बोलणी. नाही टाकली. एक शब्द लिहिला आणि डबा उघडून जेवले.

पुढे सतरा नंबर सापडल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चाळीस मिनिटांत लेचेपेचे सगळे वाहून गेले आणि तो एकटा धरून राहिला, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. काकांचा दुसरा प्रयत्न फसला तेव्हा कळलं. मग मी काय केलं? ओळखीच्या नसांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि काकांना स्वतः घेऊन गेले. “लेकीसारखी करते हो,” त्यांची बायको म्हणाली.

शुक्रवारी वकील आले. काकांनी स्टोअरच्या किल्ल्या आधीच घेऊन खिशात ठेवल्या होत्या. चालताना वाजत होत्या. ते ऐकवेना.

“नवव्या फेरीत तिसरं धुणं चाळीस मिनिटं झालं होतं,” मी म्हणाले. “मी फोनवर होते. वहीत खोटं लिहिलंय.”

मॅडमनी वही पुढ्यात ओढून ते पान काढलं. वकील मात्र खुर्चीतून उठलेच. “अहो, मग हीच तर पद्धत! ‘लांबवलेलं धुणं’!”

“चूक होती ती.”

“अर्जात चूक नसते, ताई. अट असते. वहीत मात्र जुना शब्द वाचता येईल अशी एकच रेघ मारा, खरं लिहा, आजची तारीख आणि सही. आणि संशोधकांत तुमचं नाव नाही बसणार हं. नुसतं विसरणं म्हणजे शोध नव्हे.”

नाव हवं होतं कुणाला! मी काकांकडे बघत होते. ते माझ्याकडे नाही, टेबलाकडे बघून म्हणाले, “डॉक्टरांकडे माझ्या शेजारी बसली होतीस, तेव्हा ठाऊक होतं तुला?”

“हो.”

त्यांनी मान हलवली. जणू मी तापमान सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात काकांनीच ती फेरी पुन्हा केली, चाळीस मिनिटं घड्याळ लावून. सतरा नंबर यादीत पहिला आला. मॅडमनी स्टोअरच्या किल्ल्या परत मागून घेतल्या आणि सगळ्यांदेखत काकांचा हात हातात घेतला. मला लेखी ताकीद मिळाली. भावाला सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे माझ्या फोननं औषध सापडलं!” मला हसूही आलं नाही.

आता नव्या प्रथिनाचं काम सुरू झालंय. काल पहिली फेरी होती. नेहमीसारखी मी काकांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले आणि नळ्यांची झाकणं उघडायला हात पुढे केला.

“राहू द्या, ताई,” काका म्हणाले. “तुम्ही बसा.”