पेंटरच्या शिडीवरून उतरताना

मित्रांनो, मी वयाने जुनी आणि धंद्याने शिडी. मधल्या बिजागरीवर उघडणारी, उघडली की स्वतःच्या पायांवर उभी राहणारी. भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या शिड्यांबद्दल मला काही बोलायचं नाही. ज्याची त्याची सवय.

सुताराने मला नीट वाळलेल्या लाकडापासून बनवलं आणि नेणाऱ्याला बजावलं, "हिच्यावर खुशाल चढा. फक्त अगदी वरच्या फळीवर उभं राहायचं नाही. ती रंगाचा डबा ठेवायला आहे." नेणारा होता एक तरुण पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. माणसांचे चेहरे मला फारसे लक्षात राहत नाहीत, मी त्यांना तळव्यांवरून ओळखते. याचे तळवे घाईचे होते. चढायचा तो दणादण आणि उतरायचा त्याहून जोरात.

त्याची कामाची एक तऱ्हा होती. बाकीचे पेंटर खडूची दोरी ताणून पाटीवर आधी रेघ मारून घेत आणि मग त्या रेघेखाली अक्षरं लिहीत. आमचा पेंटर दोरीला हात लावत नसे. एक अक्षर रंगवायचं, खाली उतरायचं, रस्ता ओलांडून पलीकडून डोळे बारीक करून बघायचं, परत येऊन मला हातभर सरकवायचं आणि पुढचं अक्षर घ्यायचं. दिवसभर नुसती चढउतार. पण अक्षरांच्या डोक्यावरची रेघ अशी सरळ यायची की दुसरे पेंटर मुद्दाम बघायला येत. कौतुक त्याचं व्हायचं, पण वजन मी पेललेलं असायचं. माझी काही तक्रार नव्हती.

पत्र्याच्या लहान पाट्या तो घरी करायचा. अक्षरांच्या कडा तो आखायचा आणि आत रंग त्याची बायको भरायची. तिचा हात त्याच्यापेक्षा स्थिर होता. हे त्याला चांगलं ठाऊक होतं आणि म्हणूनच तो ते कधी बोलला नाही. ती स्वतः माझ्या खालच्या दोन पायऱ्यांच्या वर कधी गेली नव्हती. माळ्यावरचा डबा हवा असला की हाक यायची, "अहो, जरा काढून द्या."

चाळिशी उलटली आणि पेंटरचं काहीतरी बिनसलं. शेजारच्या गल्लीत एका तरुण पेंटरने दुकान टाकलं होतं, एवढंच निमित्त. हा मिशीला कलप लावू लागला, उगाच उंचावरची कामं घेऊ लागला आणि एके दिवशी भर बाजारात माझ्या वरच्या फळीवर जाऊन उभा राहिला. रंगाचा डबा हातात.

"अहो, खाली या," बायको खालून म्हणाली. "सगळे बघताहेत."

"बघू देत की! त्यासाठीच चढलोय."

माणसं त्या वयात असं का करतात, मला सांगता यायचं नाही. पण तळव्याचा दाब मला कळतो, आणि त्या दिवशीचा दाब घाबरलेल्या माणसाचा होता.

पन्नाशीनंतर तो निवळला. दुपारचा डबा तो माझ्या मधल्या पायरीवर बसून खायचा आणि खाऊन झाल्यावरही बसून राहायचा. एकदा बायकोला म्हणाला, "माझ्या पाट्या किती दिवस टिकतील गं?" ती म्हणाली, "पाऊस ठरवेल ते. तुम्ही आधी चहा घ्या, तो गार होतोय." त्याने चहा घेतला. तेव्हापासून तो कमी चिडायचा, कमी काम घ्यायचा आणि घेतलेलं काम जास्त चांगलं करायचा. माझ्या हिशेबात ती आमची सर्वात उत्तम वर्षं होती.

मग छापील पाट्या आल्या. मी दाराआड गेले आणि माझ्यावर टॉवेल वाळू लागले. क्वचित एखादं काम निघायचं. आता, मित्रांनो, मला वाटतं म्हातारपणाबद्दल लोकांची एक गैरसमजूत आहे. ते चढताना दिसतं असं सगळे धरून चालतात. चढताना नुसती धाप लागते, कारण पायरी डोळ्यांसमोर असते. उतरताना मात्र ती पायाने शोधावी लागते. पेंटरचा पाय पायरी शोधताना थरथरू लागला होता, आणि हे फक्त मला माहीत होतं.

बेकरीवाला त्याचं जुनं गिऱ्हाईक. वडिलांच्या जागी आता मुलगा गल्ल्यावर बसत होता, पण दारावरची पाटी पेंटरकाकांनीच रंगवायची, असा त्याचा आग्रह. पेंटर चढला. पहिलं अक्षर झकास आलं. मग त्याने उतरायला पाय खाली सोडला, बोटांनी पायरी चाचपली आणि पाय पुन्हा वर घेतला. उतरायला नको म्हणून तो उजवीकडे वाकला आणि हात ताणून पुढची अक्षरं तिथूनच लिहू लागला. ताणलेला हात हळूहळू खाली येतोच. तो इतका वाकला की माझा एक पाय जमिनीवरून सुटला. पण तो पडला नाही. काम संपल्यावर मला मिठी मारून कसाबसा उतरला, आणि पलीकडे जाऊन त्याने पाटी बघितलीही नाही.

"काका, रागावू नका," बेकरीवाला म्हणाला, "पण ओळ घसरलीय."

"तुझं दुकानच तिरकं आहे!"

"तसं असतं तर माझे पाव घरंगळत रस्त्यावर आले असते, काका. उद्या नीट करून द्या. नाही जमलं तर मी छापील मागवतो."

घरी येऊन पेंटर खुर्चीत बसला. "डोळे गेले माझे," तो बायकोला म्हणाला. "संपलं आता. शिडी विकून टाक." सकाळीही तो तिथेच, तसाच बसलेला. त्याचे डोळे ठणठणीत होते. पण मला कोण विचारतंय?

बायकोने माझ्यावरचे टॉवेल काढले आणि मला ओढत जिन्याकडे नेलं. माझे पाय फरशीवर असे कर्कश वाजले की पेंटर उठला. "अगं, कुठे निघालीस?"

"बेकरीवर. डोळे तुमचे गेलेत ना? माझे आहेत. तिकडचं टोक धरा."

"तू चढणार? या वयात? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पेंटरची बायको पेंटर निघाली. त्यात वाईट काय आहे?"

त्याने टोक धरलं. बेकरीपुढे मी उभी राहिले आणि ती चढली. हलके, माझ्या वरच्या पायऱ्यांना अनोळखी तळवे. टर्पेंटाइनच्या बोळ्याने तिने घसरलेली अक्षरं पुसली. बेकरीवाल्याने मला धरलं आणि पेंटर नाइलाजाने रस्त्यापलीकडे गेला. तिथून तो ओरडू लागला, "वर घे! अजून जरा! हां, तिथेच!" तिचा हात हलत नव्हता आणि त्याची नजर चुकत नव्हती. दुसरं अक्षर पहिल्याच्या बरोबरीने बसलं.

आता मला सरकवायचं, म्हणजे तिने उतरायला हवं. तिने पाय खाली सोडला. बोटं पायरी शोधू लागली, थरथरली आणि पाय वर गेला. मी ती थरथर लगेच ओळखली.

"अहो," ती बारीक आवाजात म्हणाली. "मला उतरता येत नाहीये."

पेंटर रस्ता ओलांडून धावत आला. 'सांगत होतो ना' म्हणायची याहून चांगली संधी त्याला जन्मात मिळाली नसती. त्याने वर पाहिलं, तिने आखडून घेतलेला पाय पाहिला.

"मलापण," तो म्हणाला.

"काय मलापण?"

"मलापण उतरता येत नाही. म्हणून तर हात ताणून लिहिलं. डोळ्यांना काही झालेलं नाही माझ्या."

बेकरीवाला दुसरीकडे बघू लागला. ती वरून म्हणाली, "मग हे काल का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

त्याने हात वर करून तिची टाच धरली, खाली आणली आणि पायरीवर टेकवली. "ही बघ पायरी. आता दुसरा पाय. आहे, आहे, घाबरू नकोस." अशी ती जमिनीवर आली. मग मी सरकले, ती चढली, तो पलीकडे गेला, परत आला, टाच धरली. दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटचं अक्षर उरलं तेव्हा त्याने तिच्या हातातला ब्रश घेतला. "हे मी करतो," तो म्हणाला. "पण उतरताना तू खाली थांब."

ती थांबली. त्याचा पाय खाली आला, थरथरला आणि तिच्या तळहातावर टेकला.

मित्रांनो, माझ्या बिजागरीला तेल घाला, मला कोरड्यात ठेवा, असं मागणं मी मागत नाही. तुमच्या घरातलं कुणी वयस्कर माणूस भलत्या हट्टाने हात ताणून बसलं असेल, तर 'तुम्हाला आता जमत नाही' म्हणायची घाई करू नका. खाली उभे राहा, त्याची टाच धरा आणि पायरी कुठे आहे ते सांगा. नीट उतरता आलं की माणूस पुन्हा चढतो.