बिनपाठीची खुर्ची

"चावली मेली परत!" कुंदाकाकू माझ्या कानाशी पुटपुटल्या. "रोज एक घास घेते माझ्या मांडीचा. इतकी काय चविष्ट आहे मी?"

खुर्चीबद्दल बोलत होत्या त्या. आमच्या योगवर्गातल्या खुर्च्या म्हणजे एका मांडववाल्याने टाकून दिलेल्या, लोखंडी, घडीच्या. पाठ टेकायचा पत्रा कापून काढलेला, नुसती चौकट शिल्लक. त्या मोकळ्या चौकटीतून पाय पलीकडे घालायचे, उलटं तोंड करून बसायचं आणि हळूहळू मागे वाकत जायचं. बैठकीची कड बरोबर खांद्यांच्या पात्यांखाली आली पाहिजे. मग छाती वर, डोकं खाली लोंबतं आणि वर्ग उलटा दिसतो. विपरीत दंडासन. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, बायका खुर्चीवरून पडल्यात आणि कुणी उचलायला येत नाहीये.

कुंदाकाकूंच्या खुर्चीचा सांधा ढिला झाला होता. बसलं की कातडीला चिमटा. मी "हं" म्हटलं, पण माझं लक्ष नव्हतं. मी समोर बघत होते. म्हणजे संयोगिताकडे.

आधी इंदूताईंबद्दल सांगायला हवं. इंदूताई दामले सहकारनगरात त्यांच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग घेतात. पंचाहत्तरी उलटली, पण आवाज असा की शेजारच्या बंगल्यातला कुत्राही ताठ उभा राहतो. त्यांचं बोट जिथे लागेल तिथलं हाड गुपचूप जागेवर जातं. माझा डावा खांदा स्कूटरवरून पडून निखळला होता, तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले आणि ताईंनी पट्टे बांधून, लोड लावून, रोज थोडा थोडा तो परत कामाला लावला. "शालनचा डावा हात कुणी मागे ओढायचा नाही," हे वर्गातल्या प्रत्येकीला त्यांनी बजावून ठेवलेलं.

माझी खुर्ची पहिल्या रांगेत, ताईंच्या हाताशी. नवीन काही दाखवायचं असलं की ताई म्हणायच्या, "शालन, ये मध्ये." मी मध्ये जायचे, सगळ्याजणी गोल करायच्या आणि ताई माझ्यावर शिकवायच्या. "हिच्या टाचा बघा. हिच्या बरगड्या बघा." माझी मुलगी बेंगळुरूला गेली, नवरा निवृत्त होऊन टीव्हीला चिकटला, पण सकाळी कुणीतरी माझं नाव मोठ्याने घेतं आणि बायका माझ्या टाचा बघतात, एवढ्यावर माझं बरं चाललं होतं.

संक्रांतीनंतर संयोगिता मोहिते आली. चाळिशीची, उंच, काटक. कुठल्याशा धावण्याच्या शर्यतीतला नारिंगी टी-शर्ट घालायची, इतका झगझगीत की डोळे मिटले तरी आत दिसायचा. रोज तोच. "रात्री धुवून घालते म्हणे," मी कुंदाकाकूंना म्हटलं होतं. "दुसरा नसेल का बिचारीला?"

पहिले काही आठवडे ठीक होतं. मग एका सकाळी ताई म्हणाल्या, "संयोगिता, ये मध्ये."

मी अर्धी उठले होते. तशीच खाली बसले, जणू बुडाखालची चादर सारखी करायची होती.

त्यानंतर रोज तेच. "संयोगिताची छाती बघा." "संयोगिता, वा!" माझ्याकडे ताई यायच्या, पाठीवर हात ठेवायच्या, "कोण, शालन? बरं चाललंय," म्हणून पुढे जायच्या. बरं चाललंय! शेजारीण जिन्यात भेटली तर तीही एवढं विचारते.

आणखी एक गोष्ट होती. त्या गोष्टीबद्दल आम्ही बोलत नव्हतो. दिवाळीपासून वर्गात एक पद्धत पडली होती. आत येताना जिने तिने आपलं नाव सांगायचं. "ताई, मी लतिका." "ताई, कुंदा आले." कुणी सुरू केलं, आठवत नाही. भर उजेडात ट्यूबलाइट लावायच्या, ताईंच्या वाटेत पट्टे-ठोकळे पडू द्यायचे नाहीत, चहाचा कप त्यांच्या हातातच द्यायचा, हेही असंच न ठरवता ठरलं. आमच्या बायका एकमेकींच्या सुनांच्या फ्रीजमधलं सुद्धा बोलतात. पण याबद्दल नाही. याबद्दल एक वाक्य बोललं असतं, तर त्याच्या पुढचं वाक्यही बोलावं लागलं असतं, आणि पुढचं वाक्य वर्ग बंद होण्याचं होतं.

तर, खुर्च्या. कुंदाकाकूंच्या मांडीवरचा निळा डाग ताईंच्या कानावर गेला. ताई म्हणाल्या, "शनिवारी भवानी पेठेत जाऊन नव्या करून घेऊ. संयोगिता, तू चल माझ्याबरोबर."

"मीपण येते," मी म्हटलं. "माझं तिकडे कामच आहे."

माझं भवानी पेठेत जन्मात काही काम नव्हतं.

रिक्षात ताई मध्ये, संयोगिता एकीकडे, मी दुसरीकडे. उतरताना संयोगिताने ताईंचं कोपर धरलं. "ताई, पायरी," म्हणाली. मनात म्हटलं, वरात निघालीय का? इतकी वर्षं मी ताईंबरोबर बाजारहाट केला, कधी कोपर धरलं नाही. ताईंना आवडत नाही. निदान माझी तरी तशी समजूत होती.

दुकानात भिंतीला टेकवून घडीच्या खुर्च्यांची थप्पी लावलेली. मी पुढे झाले आणि एक बाहेर ओढली. राखाडी, गुळगुळीत, नवीकोरी.

"ही बघा ताई! देखणी आहे."

"बसून बघितलीस?"

"नाही, पण..."

"आधी बस. मग दांडीवर जोर दे. रंगाचं नंतर बघू." ताईंनी एका हाताने ती खुर्ची उचलली आणि लगेच ठेवली. "ॲल्युमिनियम. फार हलकी गं. आपण मागे वाकलो की खुर्चीनेही आपल्याबरोबर वाकायचं नसतं."

दुकानदार हसला. माझा चेहरा तापला. इतकं मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण संयोगिताच्या आधी काहीतरी दाखवायच्या घाईत मी ते विसरले.

संयोगिता काही बोलत नव्हती. एकेक खुर्ची उघडून ताईंच्या पुढ्यात ठेवायची आणि ताईंचा हात धरून बैठकीवर नेऊन ठेवायची. ताई अंगठा कडेवरून फिरवायच्या. मग बसायच्या, उठायच्या, खुर्ची गदागदा हलवायच्या.

"ही मागे उतरती आहे, घसरायला होईल. ही नको, कड धारदार, पाठीत रुतेल. हिचे पाय बघ गं, बूच आहेत का रबराचे? ही... हां. ही बोलते आहे."

"कुठली बोलते?" दुकानदार म्हणाला. "मॅडम, माझ्या खुर्च्या मुक्या आहेत. बोलती हवी तर जादा लागतील."

"पाठ काढून द्यायची सगळ्यांची," ताई म्हणाल्या.

"पाठ काढून? मग माणूस टेकणार कुठे?"

"टेकायचं नाहीच आहे. लटकायचंय."

त्याने माझ्याकडे बघितलं, म्हातारी शुद्धीवर आहे ना अशा नजरेने. मी मान हलवली. ताई सांगत होत्या, "पत्रा तेवढा काप. वरची दांडी राहू दे. पुढच्या पायांमधली आडवी दांडीसुद्धा राहू दे, हात तिलाच धरायचे असतात. आणि कापलेल्या जागी कानस मार नीट. बोट फिरवलं तर ओरखडा उठता कामा नये. बायका आहेत माझ्या."

बायका आहेत माझ्या. त्या वाक्यावर मी थोडी विरघळले होते. तेवढ्यात त्या 'बोलत्या' खुर्चीवर हात ठेवून ताई म्हणाल्या, "ही संयोगिताला. तिची पाठ लांब आहे. शालन, तुला तुझी जुनीच बरी, नाही का?"

"हो ताई," मी म्हटलं. "मला काय, जुनीच बरी."

आता विचार केला तर खरंच होतं ते. माझी जुनी खुर्ची बुटकी, माझ्या पाठीच्या मापाची, आणि ती चावतही नाही. पण त्या वेळी मला वाटलं, मला भांडीवालीला द्यायच्या सामानात टाकलं.

परतताना लक्ष्मी रोडला मी एकटीच उतरले. सरळ एका दुकानात शिरले आणि नारिंगी टी-शर्ट घेतला. तिच्याहून झगझगीत.

घरी घालून आरशासमोर उभी राहिले, तर नवरा टीव्हीवरून मान वळवून म्हणाला, "रस्त्याचं काम निघालंय का आपल्या गल्लीत?"

"तुम्ही सांभाळून जा मग," मी म्हटलं. "खड्ड्यात पडाल."

नव्या खुर्च्या आल्या त्या दिवशी मी तो घालून गेले. जिन्यात कुंदाकाकू भेटल्या. थांबून मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"शालन, हे गं काय?"

"मुलीने पाठवलाय."

"मुलीचं काय बिघडवलंयस तू?"

वर गेले. तर संयोगिता चक्क गडद निळ्या टी-शर्टमध्ये. "वाळलाच नाही, शालनताई," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून एकदम गप्प झाली. चोर पकडावा तसं नाही. उलट काहीतरी सांगायचंय आणि जमत नाहीये असं.

जिन्यातल्या गप्पांत आणि त्या निळ्या टी-शर्टाच्या धक्क्यात मी नाव सांगायची विसरले. खरंच विसरले. आणि कुणी ते लक्षातही आणून दिलं नाही. सगळ्या नव्या खुर्च्यांभोवती जमल्या होत्या.

"चला, पाय चौकटीतून," ताईंचा आवाज. "दांडी धरा. बूड कडेपर्यंत. आता घाई न करता मागे."

मी माझ्या बुटक्या खुर्चीवर मागे गेले. कड पात्यांखाली आली, डोकं लोंबलं, वर्ग उलटा झाला. कुंदाकाकू पहिल्यांदाच न कुरकुरता वाकल्या होत्या. उलट्या ताई रांगेतून चालत आल्या. थांबल्या. माझ्याकडे वळल्या. इतक्या सरळ माझ्याकडे त्या किती दिवसांनी येत होत्या!

"वा," त्या म्हणाल्या, अगदी हळू. "किती सुंदर उघडलीय गं छाती. मला वाटायचं, माझ्याकडून कुणी आता नवं शिकणार नाही. तू आलीस ते बरं झालं, संयोगिता."



मग माझ्यापासून तिसऱ्या खुर्चीवरून आवाज आला, "हो ताई."

संयोगिताचा. ती माझ्या जागी उत्तर देत होती. मला उलटं दिसलं, ती तिच्या खुर्चीतून उठली होती, अनवाणी, निळी, आणि मला नजरेने विनवत होती. रोज तोच टी-शर्ट. रात्री धुवून. ती काय करत होती हे माझ्या डोक्यात त्या क्षणी लख्ख झालं, आणि लाज वाटायच्या आधी मला काय वाटलं असेल? मत्सर. ताईंच्या तोंडून असं हळू बोलणं मला कधी मिळालं नव्हतं. चोरीचं का होईना, अजून दोन शब्द ऐकावेसे वाटले. मी नाव सांगितलं नाही.

"आता हात सोड," ताई म्हणाल्या. "दोन्ही डोक्यावरून मागे. तुला जमतं. मी ओढते."

त्यांनी माझं डावं मनगट धरलं.

संयोगिता दोन पावलं पुढे आली आणि थबकली. कुंदाकाकूंच्या नव्या खुर्चीने एकदा कुरकुर केली. लतिका छताकडे बघत राहिली. ट्यूबलाइट सगळ्या लागलेल्या होत्या. मनगटावरची पकड घट्ट, प्रेमाची, खात्रीची. हात मागे जायला लागला, आणि खांद्यात दुखण्याचा तो जुना, ओळखीचा खिळा हलला.

"ताई," मी म्हटलं. उलट्या तोंडातून आवाज चिरका आला. "ताई, थांबा. मी शालन आहे. तो डावा खांदा आहे माझा."

पकड सुटली नाही. फक्त थांबली. मग ताईंचा दुसरा हात आला, बोटं माझ्या खांद्यावरून फिरली, हाडाच्या त्या उंचवट्याशी थांबली.

"पण हा रंग..." त्या म्हणाल्या.

कुणी काही म्हणेना. इतके महिने जमलं होतं ते सगळ्यांना.

"ताई," मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नाहीये."