हळदीची पट्टी

आमचा दूधवाला दुधात सोडा घालतो, असा मला पक्का संशय होता. दूध नासू नये म्हणून करतात हे असले धंदे! चाळीस वर्षं परळच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळली मी, मला कोण फसवणार? टिपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून मी पट्ट्या वाळवून ठेवल्या. सोड्यासारखा आम्लारी पदार्थ लागला, की पिवळी हळद लाल होते.

सकाळी तो फणसवाडीतल्या आमच्या दारात आला, तशी मी त्याच्यासमोरच पट्टी दुधात बुडवली. ओल वर चढली आणि पट्टी लाल!

"आता बोल!" मी ओरडलो. तो गडबडला.

आरडाओरडा ऐकून माझी बायको राजलक्ष्मी बाहेर आली. तिने पट्टी उजेडात धरली.

"अहो, दुधात बुडालेलं टोक पिवळंच आहे. लाल झालंय ते तुम्ही धरलंत तिथे."

मी हात मागे घेतला.

तिने नवी पट्टी पाण्यात भिजवली. "चुन्यानेही हळद लाल होते, एवढं मलाही कळतं. तंबाखू पाडव्याला सोडलीत ना? मग अंगठा पुढे करा."

दूधवाला किटली खाली ठेवून बघायला वाकला.