चाळीस गैरहजर

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पण मित्रांनो, तुमच्या शाळेतला तो जाडजूड, एक डोळा मिटून पाहायचा गडी मी नव्हे. मी बुटाच्या नाडीइतका बारीक आहे आणि तसाच लवचीक. माझ्या पोटात काचेच्या तीस हजार तारा आहेत, एकेक केसाहून कितीतरी बारीक. टोकाला तिळाएवढे भिंग आहे. माणसाच्या अंगातल्या जिवंत पेशी, तुकडा न कापता, जागच्या जागी दाखवायच्या, यासाठी माझा जन्म झाला. माझी प्रत्येक तार चित्राचा एकच ठिपका आणते. तार तुटली की तिचा ठिपका काळा. एवढे ध्यानात ठेवा, कारण माझा अपराध इथेच दडला आहे.

मला दोन बायकांनी घडवले. आराखडा ताईचा. जाड केले तर मी नाकातून घशात उतरणार नाही, बारीक केले तर तारा कमी पडणार, या पेचात तिची तीन वर्षे गेली. माझ्या आधीचे अकरा भाऊ कचऱ्याच्या डब्यात गेले. बारावा मी. माझे टोक घासून आरशासारखे केले ते मावशीने. ती कोणाची सख्खी मावशी होती कोण जाणे, पण अख्खे वर्कशॉप तिला मावशीच म्हणे. पॉलिश पेपरवर आठाच्या आकड्यात माझे टोक फिरवत ती तासन्‌तास बसे आणि तोंडाचा पट्टाही तितकाच वेळ चालू ठेवी. तिचा आवाज तीन दारांपलीकडे पोचायचा. कोणी मला घट्ट गुंडाळताना दिसला की संपलाच तो.

"अरे, काचेचा जीव आहे तो, गुरं बांधायचं दावं नव्हे! जेवणाच्या ताटाहून लहान वेटोळं करायचं नाही, किती वेळा सांगू?"

रोज सकाळी ती माझ्यासमोर पांढरा कागद धरी आणि ओरडे, "हजेरी!" मग पडद्यावर डोळे लावून काळे ठिपके शोधी. माझ्यामागून बनलेल्या इतरांचे दोन-चार तरी निघत. माझ्या नावापुढे मात्र वहीत रोज एकच शेरा असे: सगळे हजर. ते लिहिताना तिची मान जरा ताठ व्हायची, आणि मला कोण अभिमान वाटायचा!

मग एके दिवशी मला रुग्णालयात नामवंत डॉक्टरांपुढे दाखवायचे ठरले. दाराशी गाडी उभी होती, उशीर झाला होता आणि पेटीचे झाकण लागत नव्हते. मावशी तेवढी चहाला गेली होती. ताईने मला वाटीएवढे गुंडाळले आणि झाकण दाबले. आत कट्‌ झाले. एकाच जागच्या चाळीस तारा तुटल्या.

रुग्णालयात मला जोडल्यावर पडद्यावर काळा डाग पाहून ताईचा चेहरा पडला. डॉक्टर तर येऊन बसले होते. तिने एक छोटा प्रोग्राम लिहिलेला होता. काळ्या ठिपक्याच्या आजूबाजूच्या तारा काय सांगतात ते पाहून तो मधली जागा अंदाजाने रंगवून टाकायचा. तिने तो चालू केला. डाग गेला. "वा! एक डाग नाही!" डॉक्टर म्हणाले, टाळ्या पडल्या. मित्रांनो, मला ठाऊक होते की त्या जागेचे मी काहीच पाहिलेले नाही. तरी मी टाळ्यांनी फुगलो.

परत आल्यावर मावशीने विचारले, "प्रवासात काही दुखलंखुपलं नाही ना याला?"

"चित्र फार छान आलं, मावशी," ताई म्हणाली. नरो वा कुंजरो वा! उद्या सांगू, असे तिच्या मनात होते. पण प्रोग्राम चालूच राहिला, हजेरीचा कागदही पांढराशुभ्र दिसत राहिला, आणि मावशी मान ताठ करून लिहीत राहिली: सगळे हजर.

त्या हिवाळ्यात मावशीचा आवाज बसला. काढे झाले, गोळ्या झाल्या, दोन महिने उलटले. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी आतून पाहायचे ठरवले. मावशी म्हणाली, "मी घासलेलं टोकच माझ्या घशात जाईल. दुसरं मला चालायचं नाही."

मी तिच्या नाकातून खाली उतरलो. डॉक्टरांनी थेंबभर रंग सोडला आणि पेशी उजळल्या. नीट बसवलेल्या फरशीसारख्या सगळ्या ओळीत होत्या. फक्त डाव्या स्वरतंतूच्या कडेला मूठभर पेशी वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या होत्या. माझ्या भिंगाने त्या पाहिल्या. पण ती बातमी वर न्यायची होती नेमकी त्या चाळीस तारांनी. प्रोग्रामने शेजारच्या तारांना विचारले, त्यांनी सगळे ठीक म्हटले, त्याने ठीक रंगवले. तिथे काळा डाग दिसला असता तर डॉक्टरांनी मला केसभर सरकवून पाहिलेच असते. गुळगुळीत चित्र पाहून कोण कशाला सरकवेल?

ताई मागेच उभी होती. तिने बोलायला तोंड उघडले. मग मिटले. एवढ्याशा जागेत काय असणार, असे तिला वाटले असावे.

"सगळं स्वच्छ आहे," डॉक्टर हसून म्हणाले. "फक्त ओरडणं कमी करा, मावशी."

"मी ओरडले नाही तर याचं दावं करतील सगळे!" मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

आठ महिन्यांनी गाठ उघड दिसू लागली. मावशीचा जीव वाचला, पण त्यासाठी स्वरयंत्र काढावे लागले.

गळ्याला रुमाल बांधून ती कामावर परतली त्या सकाळी ताईने प्रोग्राम बंद केला आणि माझ्यासमोर पांढरा कागद धरला. डाग उमटला. "मावशी, हा तेव्हापासून आहे. मला माहीत होतं," एवढे बोलून ती रडू लागली. पडद्याकडे पाहताना मावशीचे ओठ हलले. मग तिने वही उघडली, मागे मागे जात त्या प्रवासाच्या तारखेवर आली, 'सगळे हजर' खोडले आणि एकेक ठिपका मोजून लिहिले: चाळीस गैरहजर.

आता मी कोणाच्या घशात जात नाही. मावशीच्या टेबलाशेजारी ताटाएवढ्या वेटोळ्यात लटकतो. नव्या सूक्ष्मदर्शकांतून ताईने तो प्रोग्राम काढून टाकला आहे. चित्र खराब दिसते अशी डॉक्टर कुरकुर करतात. "दिसू द्या," ती म्हणते. मित्रांनो, आम्हाला जपून हाताळा, ही माझी विनंती आहेच. पण हातून मोडलेच, तर मोडले म्हणून त्याच दिवशी सांगा. जे पाहिले नाही ती जागा काळीच राहू द्या.

हजेरीला मावशी आता टेबलावर बोटाने एकदा ठोकते. परवा एका नव्या कारागिराने मला खुंटीवरून काढले आणि सहज बोलता बोलता मुठीभोवती गुंडाळले. मावशी समोरच होती. तिने तोंड उघडले, मानेच्या शिरा ताणल्या, आणि खोलीत काहीच ऐकू आले नाही. तिने जोरजोरात टेबल ठोकले, पण पंख्याच्या घरघरीत त्याच्या कानावर गेले नाही. ती उठून पोचेपर्यंत माझ्या आणखी तारा तुटल्या होत्या. त्यांचे मला काही वाटले नाही. 'दावं नव्हे ते!' एवढेच ओरडायचे होते तिला, आणि तेवढाही आवाज मी तिच्यापाशी राहू दिला नव्हता.