साहेब परांचीवर चढणार

सन छत्तीसच्या कार्तिकात जळगावच्या आमच्या आळीतल्या कन्याशाळेवर दुसरा मजला चढवायला घेतला, आणि समोरच्या घरातल्या सुमनबाईंच्या जिवाला घोर लागला. वास्तविक मजला त्यांचा नव्हता, परांची त्यांची नव्हती, आणि परांचीवर चढणारं माणूसही त्यांच्या नात्यागोत्यातलं नव्हतं. पण सुमनबाई पुण्याच्या कॉलेजात बी. ए. झालेल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर दहा महिन्यांची मंदा होती. या दोन गोष्टी एका बाईत एकत्र आल्या की ती काही खिडकीत सुखाने बसत नाही. दूध तीनदा उकळल्याशिवाय त्या मंदाला पाजत नसत. पाळण्याच्या कड्या रोज स्वतः ओढून पाहत. शेजारणी म्हणत, "शिकली तेवढी भित्री झाली बिचारी."

खिडकीतून परांची अगदी नाकासमोर दिसे. उभ्या बल्ल्या, त्यांना आडवे बांबू, बांबूंवर नुसत्या टाकलेल्या फळ्या. आणि हे सगळं जिच्या भरवशावर उभं, ती अंबाडीची दोरी काळी ठिक्कर पडलेली. दोरी तोताराम मिस्तरींच्या मालकीची. तिच्यावर त्यांनी जिनिंगची दोन धुराडी, एक धर्मशाळा आणि मारुतीच्या देवळाचा कळस पार पाडला होता. "अनुभवी दोरी आहे, ताई," ते सांगत. दोरीला अनुभव आला की ती तुटायचं विसरते, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

फळ्यांना कठडा नव्हता. बाया चुन्याचं घमेलं डोक्यावर घेऊन उताराच्या फळीवरून वर जात आणि रिकामं घमेलं काखेत मारून खाली येत. त्यांत भिकुबाई सर्वांत चपळ. तिला मंदाच्याच वयाची पोर होती, आणि त्या पोरीची झोळी तिने परांचीच्याच खालच्या बांबूला टांगली होती. वरून आई चालली की बांबू हले, बांबू हलला की झोळीला आपोआप झोका बसे.

सुमनबाईंनी तो झोका पाहिला आणि त्या दिवशी त्यांना घास गोड लागला नाही. दुसऱ्या दिवशी मंदाला कडेवर घेऊन त्या रस्ता ओलांडून गेल्या.

"अगं भिकुबाई, पोरीला इथे कशाला टांगतेस?"

"मंग कोठे टांगू, अक्का? आठे सावली शे, वारा शे, मुंगी बी चढत नही. मी वर चालनू का ती झोपी जास."

"आणि दोर तुटला तर?"

भिकुबाईने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि ती हसली. "तुटना तं बठ्ठा संगेच पडसूत. एकली ती थोडी पडी!"

पडलो तर सगळेच संगतीने पडू, एवढा हिशेब सांगून ती घमेलं उचलून गेलीसुद्धा. झोळी हलू लागली.

सुमनबाईंचे यजमान सुकदेवराव वकील शाळेच्या कमिटीचे चिटणीस होते. रात्री पानावर बसल्या बसल्या त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मुद्दा रास्त आहे," ते म्हणाले. "कमिटीपुढे ठेवतो." रास्त मुद्दे ते नेहमी कमिटीपुढे ठेवीत, आणि ठेवलेले मुद्दे तिथेच राहत.

हा मुद्दा मात्र राहिला नाही. कमिटीचे अध्यक्ष लीलाधरशेठ कापसाच्या जिनचे मालक. नडगीपर्यंत धोतर आणि मानेपर्यंत कामं असलेला माणूस. त्यांनी दोन तास सभा चालवली. प्रथम असं ठरलं की पहिल्या बल्लीची पूजा झाली तेव्हा नारळ लहान होता, सबब मोठ्या नारळाने पुन्हा पूजा करावी. मग 'सावधान' अशी पाटी लावायचं ठरलं, मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत. परांचीवरच्या अकरा माणसांपैकी एकालाही यातली कुठलीच लिपी येत नव्हती, पण पाटी कुणासाठी हा प्रश्न सभेत निघाला नाही. शिवाय प्रत्येक मजुराचा अंगठा घ्यायचा, की आम्ही राजीखुशीने चढतो. आणि सुकदेवराव फारच मागे लागले तेव्हा शेवटी, उठता उठता, नवा दोर आणायचंही ठरलं.

पाटी लावायला रंगारी परांचीवर चढला आणि तिथूनच घसरला. बल्लीला मिठी मारली म्हणून वाचला. पाटी मात्र दुरून छान दिसे.

नवा दोर धरणगावाहून आला. पिवळाधमक, चांगली जाडजूड दोन बंडलं. सुमनबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांना बऱ्याच दिवसांनी दुपारची झोप लागली. पण चार दिवस झाले तरी बंडलं ओसरीतच. पाचव्या दिवशी त्यांनी मिस्तरींना गाठलं.

"तोतारामभाऊ, नवा दोर का नाही लावत?"

"शेठजी म्हणाले थांब. पुण्याहून शाळाखात्याचे मोठे साहेब येताहेत. त्यांच्या कमानीला लागणार आहे."

"कमानीवर काय असणार?"

"आंब्याचा पाला, झेंडूच्या माळा."

"म्हणजे पाल्याला नवा दोर आणि माणसांना जुना?"

"ताई, माणसं रोजचीच आहेत," मिस्तरी समजूत घातल्यासारखं म्हणाले. "साहेब एकदाच येणार. कमान पडली तर गावाची अब्रू जाईल."

माणूस पडलं तर काय जाईल, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सुमनबाईंनी विचारलं नाही. त्या घरी आल्या. नवऱ्याकडे जावं तर सुकदेवराव त्याच सकाळी एका खटल्यासाठी धुळ्याला गेले होते, ते आठ दिवस यायचे नव्हते. समोर शाळेच्या दारात नव्या दोराची कमान उभी राहत होती आणि तिच्यामागे जुन्या दोराची परांची करकरत होती.

दुसऱ्या दिवशी लीलाधरशेठ स्वतः ओट्यावर आले. हातात लखोटा.

"वहिनी, वकीलसाहेब नाहीत म्हणून तुम्हाला त्रास. साहेबांचं पत्र आलंय. आमचं इंग्रजी कापसाच्या भावाच्या तारांपुरतं. जरा वाचून सांगा."

सुमनबाईंनी पत्र उलगडलं. चारच ओळी होत्या. साहेब शुक्रवारी सकाळी दहा वाजता येतील, वीस मिनिटं थांबतील, हारतुरे आणि गर्दी नको. वाचता वाचता त्यांची नजर समोर परांचीकडे गेली. भिकुबाई सर्वांत वरच्या फळीच्या टोकावर होती. तिच्या पावलाखाली बांबू वाकला, गाठ कुरकुरली, आणि खाली झोळीने मोठा झोका घेतला.

सुमनबाईंनी पत्राची घडी घातली. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"साहेब शुक्रवारी दहाला येताहेत. लिहितात की बांधकाम जवळून पाहण्याची त्यांना आवड आहे. ते परांचीवर चढणार."

"चढणार?" शेठजी बसल्या जागी सरकले. "कुठवर?"

"वरच्या फळीपर्यंत. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"अरे देवा! साहेब अंगाने कसे आहेत?"

सुमनबाईंनी साहेबांना जन्मात पाहिलं नव्हतं. "चांगले भक्कम असावेत," त्या म्हणाल्या. आणि एकदा खोटं बोलायचंच, तर पोटभर बोलावं म्हणून पुढे म्हणाल्या, "बाईसाहेबही बरोबर चढणार आहेत."

"आणखी काय लिहिलंय?"

"हारतुरे नकोत म्हणतात."

शेठजींचा बाकी सगळ्यावर विश्वास बसला, या एका वाक्यावर बसला नाही.

तासाभरात शाळेसमोर रणधुमाळी. "तोताराम! ही दोरी आहे का जानवं? माणसं मारायचीत का?"

"शेठजी, अनुभवी—"

"अनुभव घाल चुलीत! बाईसाहेब चढणार आहेत!"

कमानीचा नवा दोर सोडून परांचीला आला. तो पुरेना म्हणून आणखी चार बंडलं आली. बल्ल्या जोडीजोडीने उभ्या राहिल्या, फळ्या खिळ्यांनी ठोकल्या, दोन्ही बाजूंना कमरेइतका कठडा झाला. बाईसाहेबांच्या हाताला कुसळ लागू नये म्हणून कठड्याला लाल कापड गुंडाळलं. सगळं झाल्यावर शेठजी स्वतः चढून पाहायला गेले, उताराच्या फळीवर तिसऱ्याच पावलाला डोळे मिटून बल्लीला चिकटले, आणि दोघांनी धरून त्यांना उतरवलं. परांची उंच असते हे त्यांना तेव्हा प्रथम कळलं.

साहेबांच्या नजरेस झोळी पडू नये असाही हुकूम निघाला. सुमनबाईंनी ती आपल्या ओसरीत टांगून घेतली.

"नीजत नही ती आठे," भिकुबाई कुरकुरली. "मी चालत नही ना वर."

"मी झोका देते."

"तुमना झोका निराया शे, अक्का. तुम्ही घाबरीसन देतस."

तरी पोर झोपली. घटकाभराने का होईना.

आता कमानीला दोर उरला नव्हता. पण कमानीशिवाय साहेब कसा येणार? मिस्तरींनी आपली जुनी अनुभवी दोरी झटकली आणि तिनेच कमान बांधली. नुसता पाला आणि झेंडू. एवढ्याला काय व्हायचंय!

शुक्रवारी बरोबर दहाला मोटार आली. साहेब एकटेच, आणि काटकुळे. बाईसाहेबांचा पत्ताच नव्हता. वाजंत्री सुरू झाली, साहेब मोटारीतून उतरून कमानीखाली आले, आणि उजव्या अंगाची गाठ तुटली. मग डावीकडची. आंब्याचा सगळा पाला, झेंडू आणि 'सुस्वागतम्' साहेबांच्या हॅटवर बसलं.

वाजंत्री थांबली. साहेबांनी पानं झटकली आणि ओवाळायला उभ्या असलेल्या बायकांकडे पाहून इंग्रजीत म्हटलं, "मी सजावट नको म्हणून स्पष्ट लिहिलं होतं."

लीलाधरशेठ घामाघूम. "वहिनी, साहेब काय म्हणाले?"

सुमनबाईंनी हातातलं आरतीचं तबक सावरलं. "साहेब म्हणतात," त्या म्हणाल्या, "जुना दोर असाच दगा देतो. परांचीला आहे तसाच नवा दोर आणि कठडा काम संपेपर्यंत ठेवा. ते पुन्हा पाहायला येतील."

"यस सर!" शेठजी ओरडले. "यस सर, ठेवतो!"

कशाला यस म्हणताहेत हे साहेबांना कळलं नाही, पण त्यांना त्याची सवय असावी. त्यांनी एक वर्ग पाहिला, सरबत नाकारलं आणि अकराव्या मिनिटाला ते गेले. परांचीकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

गर्दी पांगली. तोताराम मिस्तरींनी दोरीचं तुटलेलं टोक उचललं. त्यांनी ते बोटांनी चुरगाळलं, तर त्याचा भुसा झाला. आठवड्यापूर्वीपर्यंत त्याच दोरीवर अकरा माणसं उभी होती. "एवढासा पाला..." ते म्हणाले. उरलेली दोरी त्यांनी संध्याकाळी स्वतःच जाळली.

सुकदेवराव धुळ्याहून आले. गावभर चाललेल्या कथा ऐकून त्यांनी शेठजींकडून साहेबांचं पत्र मागून घेतलं, एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"यात चढण्याचा उल्लेख नाही," ते म्हणाले.

"नाही," सुमनबाई म्हणाल्या.

"आणि बाईसाहेबांचाही नाही."

"नाही."

ते पुढे काही बोलणार तोच ओट्यावर लीलाधरशेठ हजर झाले. "वकीलसाहेब, साहेब खरोखर परत येणार असतील तर ठीक. नाहीतर म्हणतो, कठडा उतरवून दोर आमच्या जिनच्या धुराड्याला नेतो. तिथे डागडुजी काढलीय. उगाच इथे गुंतून पडलाय."

समोर कठड्याला कोपर टेकून भिकुबाई क्षणभर दम खात होती. पूर्वी असं टेकायला तिथे काही नव्हतं.

"पत्रातही तसंच आहे ना?" शेठजींनी विचारलं. "पुन्हा येणार म्हणून?"

सुकदेवरावांनी बायकोकडे पाहिलं. मग पत्राची घडी करून ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. "इंग्रजी हिचं माझ्याहून चांगलं आहे," ते म्हणाले. "हिलाच विचारा."

"येणार," सुमनबाई म्हणाल्या. "दिवस कळवत नाहीत ते. एकदम येऊन उभे राहतात."

"आणि जिनमध्ये? तिथेही डोकावतील?"

"धुराडी तर त्यांना फारच आवडतात म्हणे."

शेठजींनी कपाळावर हात मारला, पायताण उलटसुलट चढवलं आणि ओट्यावरूनच हाक घातली, "तोताराम! अरे, आणखी दहा बंडलं सांग धरणगावला!"