फोगाची दुसरी चिठ्ठी

आमच्या वनस्पतिसंग्रहालयात माझा मदतनीस महिपती तीस वर्षं वाळलेल्या फांद्या जाड कागदांवर चिकटवत होता. कोपऱ्यातली माहितीची चिठ्ठीही तोच लिहायचा, कारण माझं अक्षर मलाच लागत नाही. चिठ्ठीवर नाव, कूळ, ठिकाण, तारीख आणि शेवटी संग्राहक. संग्राहक म्हणजे मी, डॉ. श्रीनिवास आगाशे. निम्मी झुडपं आधी त्याच्या नजरेला पडलेली असायची, पण खाली नाव साहेबाचं, अशी पद्धत होती. मला ती कधी खुपली नाही.

निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा त्याने पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "साहेब, एका तरी कागदावर माझं नाव पायजे. नातीला दाखवीन."

"झाड कुठलं?"

"गच्चीवरचं फोग."

बारा वर्षांपूर्वी आम्ही बाडमेरला गेलो होतो. फोगाचं फळ केसाळ असतं, ते याच्या स्वेटरला चिकटून थेट खराडीला याच्या घरी आलं. याने ते गच्चीवर वाळू भरलेल्या पिंपात पेरलं, वर पत्रा टाकून पुण्याचा पाऊस अडवला आणि झुडूप जगवलं. फोग थरच्या वाळवंटातलं. तिथून पाकिस्तान, इराण करत पार कॉकेशसपर्यंत पसरलेलं. पानं जवळजवळ नसतातच, हिरव्या काड्याच पानांचं काम करतात. कूळ मात्र पॉलिगोनेसी, म्हणजे आपल्या मंडईत जुडीने मिळणाऱ्या आंबट चुक्याचं. कुणाची भावकी कुठे निघेल सांगता येत नाही.

"फुलाशिवाय कागद होत नाही, हे तुला मी शिकवायचं का?" मी म्हणालो. खवचटपणेच म्हणालो, कारण बारा वर्षांत त्या झुडपाला एकदाही फूल आलं नव्हतं हे मला माहीत होतं.

मार्चमध्ये, निवृत्तीच्या चार दिवस आधी, तो वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली फांदी घेऊन आला. गुलाबीसर पांढरी, बारीक फुलं होती. मी भिंगाखाली पाहिली, पाच दलं मोजली. फोगच, शास्त्रीय नाव कॅलिगोनम पॉलिगोनॉइडिस. खोट काढायला जागा नव्हती. "कर कागद," मी म्हणालो.

त्याने फांदी चिकटवली, चिठ्ठी लिहून लावली आणि कागद माझ्यापुढे ठेवला. मी चिठ्ठी वाचत शेवटच्या ओळीवर आलो. मूळ ठिकाण: बाडमेर. लागवड: खराडी, पुणे. संग्राहक: डॉ. श्रीनिवास आगाशे.

त्यानेही ते तेव्हाच पाहिलं. "हात चालत ऱ्हायला, साहेब," तो म्हणाला. लागलेली चिठ्ठी काढायची नाही, खोडायचीही नाही, हा आमच्याकडचा नियम. मला लाज वाटली. चूक त्याची नव्हती. त्याच्या हाताला हे वळण मीच लावलं होतं.

चुकीवर नियमातच उपाय आहे: शेजारी दुसरी चिठ्ठी, दुरुस्ती करणाऱ्याच्या सहीने. मी माझ्या भिकार अक्षरात लिहिलं, "संग्राहक महिपती सोनबा दरेकर. आधीचं नाव चुकीचं." सही केली, तारीख घातली. त्याने ती डिंक लावून चिकटवली आणि बोटाने कडा दाबत बराच वेळ वाचली.

"आणखी कुठल्या कागदांवर तुझं नाव हवं होतं, महिपती?" मी विचारलं. "काढ बाहेर."

त्याने भिंतभर लावलेल्या कपाटांकडे पाहिलं.

"डिंक पुरायचा न्हाई, साहेब," तो म्हणाला.